पट्ट्यांची गाडी

आमची पहिली गाडी पांढरी, चार दारांची आणि फुगलेल्या पावासारखी दिसणारी होती. पुढे सलग बाक, मागे सलग बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पुढे आम्ही दोघं आणि मध्ये दोन्ही मुली बसायच्या. मागचा सगळा बाक सासऱ्यांचा. त्यांचा उजवा गुडघा कधीकाळी मोडून वेडावाकडा जुळला होता, तो पाय वाकतच नसे. दाराला पाठ टेकून, पाय बाकावर लांब सोडून ते बसत आणि मोठ्याने दुकानांच्या पाट्या वाचत. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर होते, चुकीचं शुद्धलेखन त्यांना सहन होत नसे. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही निगडीला प्राधिकरणात राहायला आलो होतो. मी चिंचवडच्या एका शाळेत शिकवत होते, आणि हे पिंपरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. तिथे नवे साहेब आले, यांच्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी गेटवर चारचौघांत आमच्या गाडीकडे बघून विचारलं, "अजून बैलगाडीतच का?" लोक हसले. हेही हसले. घरी येऊन मला ते हसतच सांगितलं, पण जेवताना भात तसाच राहिला.

त्यानंतर यांनी कल्ले वाढवले. बोटं उघडी राहतील असे चामड्याचे हातमोजे आणले. मी म्हटलं, "हे घालून भाजी चिरायची आहे का?" मग एका रविवारी मला हायवेवरच्या एका गॅरेजात नेलं.

गॅरेजवाल्याच्या अंगाला ग्रीस कमी आणि अत्तर जास्त होतं. त्याने ताडपत्री ओढली. आत पिवळीधमक गाडी, टपावरून मागेपर्यंत दोन काळे पट्टे.

"तुमच्या गाडीचंच मॉडेल आहे वहिनी," तो म्हणाला. "इंजिनसुद्धा तेच. फक्त स्पोर्टी केलीय."

मॉडेल तेच होतं खरं. फक्त पुढचा बाक काढून दोन खोलगट खुर्च्या बसवल्या होत्या, मागे कलंडलेल्या, दाढी करायला बसल्यासारख्या. गिअरचा दांडा जमिनीतून वर आला होता. सायलेन्सर मुद्दाम असा केला होता की गाडी चालू झाली की खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज निघावा. आत लाल रेक्झिन, त्याला सरसाचा आणि खोबऱ्याच्या सेंटचा मिळून एक वास. मी पदर नाकाला लावला. यांनी मात्र डोळे मिटून तो वास आत ओढून घेतला. माझ्या नवऱ्याचा चेहरा इतका हपापलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"अण्णा कुठे बसणार?" मी विचारलं.

"बसतील की मागे."

आमची पांढरी गाडी गॅरेजवाल्याने तिथेच ठेवून घेतली. वर पैसे किती दिले ते मी विचारलंही नाही.

पंधरवड्यात कुरुळीला नणंदेच्या मुलाची मुंज आली. अण्णा धोतर नेसून, काठी घेऊन पायरीवर तयार बसले होते. मुली मागे बसल्या. पुढच्या खुर्च्या इतक्या मागे झुकलेल्या की मुलींचेच गुडघे दबत होते. यांनी एकीला उतरवलं आणि अण्णांना आत घालायला लागले. आधी पाठमोरे, मग आडवे. तो पाय काही आत येईना. अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी आधारासाठी काठी खुर्चीला टेकवली, तर हे म्हणाले, "अण्णा, काठी बाहेर ठेवा. रेक्झिनला ओरखडा पडेल."

अण्णांनी काठी उचलली. एखाद्याच्या स्वच्छ अंगणात चप्पल घालून गेल्यासारखे ते संकोचले. "राहू दे रे," म्हणाले. "मी मागून येतो एसटीने."

"चालेल ना तुम्हाला?" यांनी विचारलं, आणि लगेच गाडी चालू केली.

मी गाडीत बसले नाही. मुलींना घेऊन हे गेले, मी अण्णांबरोबर राहिले. निगडीहून बसने नाशिक फाटा, तिथून एसटी. कंडक्टर भला होता, त्याने दाराजवळची जागा दिली. अण्णांचा पाय वाटेत पसरलेला, उतरणाऱ्या प्रत्येकाला ते "माफ करा" म्हणत होते. मी संतापाने धुमसत होते, आणि ते मला मोशीच्या एका पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगत होते.

आम्ही पोचलो तेव्हा मुंज लागून गेली होती. मांडवाबाहेर धुरळा उडत होता. हे गावातल्या तरुणांना पाळीपाळीने गाडीत बसवून शेताच्या रस्त्याने फेऱ्या मारत होते, हातमोजे घालून. नणंदेचे सासरे काठी टेकत आलेल्या अण्णांना बघून म्हणाले, "मास्तर, यष्टीनं आलात व्हय? पोरानं तर नवी गाडी आनलीय म्हनं."

तेवढ्यात हे तिथे आले. आणि अगदी सहज म्हणाले, "त्यांना एसटीच आवडते. किती सांगितलं, ऐकतच नाहीत."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "हो, एसटीत हवा लागते," म्हणाले.

मला वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात शिळं काहीतरी कोंबलं. जेवणाच्या पंगतीत हे आग्रह करकरून अण्णांना वाढत होते, जिलबीवर जिलबी, सगळ्यांच्या देखत. तो हात बघवेना. मी पानावरून उठले आणि विहिरीवर जाऊन चूळ भरली.

संध्याकाळी मी म्हटलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगायचं होतं? माझ्या गाडीत बाप मावत नाही म्हणून?"

"हो. तेच."

ते बराच वेळ गाडी पुसत राहिले. मला त्यांची कीवही आली असती, कारण गेटवरचं ते हसणं मला ठाऊक होतं. पण कीव किळसेच्या पुढे जाईना. परतताना मी पुन्हा अण्णांबरोबर एसटीत बसले, आणि त्यानंतर त्या पिवळ्या गाडीत कधीच बसले नाही. शाळेला बसने गेले. शेजारणींनी विचारलं तर सांगितलं, "वास येतो."

वर्षभरात ते साहेब दुसऱ्या कंपनीत निघून गेले. जाताना यांना साधा निरोपही दिला नाही. मग पट्टे जरा जास्तच भडक दिसायला लागले असावेत. यांनी गाडी विकली आणि जुनीच, पण सलग बाकांची राखाडी गाडी आणली. अण्णांना हाताला धरून मागे बसवलं, पायाखाली उशीसुद्धा दिली. अण्णा इतके खूश झाले की त्यांचे डोळे भरून आले. "माझा मुलगा फार काळजी घेतो," त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हिशोब मिटला. मी स्वयंपाकघरात गेले. माफ करणं अण्णांचं होतं, त्यांनी ते करून टाकलं होतं. मला मात्र पुढे कित्येक वर्षं यांनी अण्णांच्या ताटात काही आग्रहाने वाढलं की घास गिळवत नसे.