पाऊणपट आणि वर एक भात

दुपारी जेवणाचा डबा खाऊन झाला की मी संगणकाला हुकूम सोडायचे आणि हनुवटीखाली हात घेऊन बसायचे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर चढायला लागायच्या. सबंध लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, नव्याने बांधून व्हायला त्या यंत्राला दीड तास लागायचा, आणि त्या दीड तासात माझ्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसायची. वागळे इस्टेटमधली माडीवरची खोली, खाली पत्रा कापायचं वर्कशॉप, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. त्या ओळी बघता बघता डोळे जड व्हायचे आणि मला आमची खाडी दिसायला लागायची. पाणी असंच चढतं. घाई करत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की काही होतच नाहीये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिस म्हणजे सर आणि मी. सर पन्नाशीचे, चांगली नोकरी सोडून ही कंपनी काढलेले, आणि त्या निर्णयाबद्दल बायकोसमोर कधीही न बोलणारे. त्यांनी परदेशातून एक किट मागवलं होतं. किट म्हणजे एक सीडी, उशीला घेता येईल एवढं जाड पुस्तक आणि नमुन्याचा एक बोर्ड. तसाच बोर्ड सरांनी इथे बनवून घेतला होता. तळहातावर मावेल एवढा. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, आणि स्वतःचा प्रोग्राम स्वतः तयार करण्याइतकी अक्कलही नाही. म्हणून त्याच्यासाठीचा प्रोग्राम मोठ्या संगणकावर लिहायचा, तिथेच बांधायचा आणि मग तारेवरून त्याच्यात धाडायचा.

त्यात एक मेख होती. संगणकावर नवी खिडकी उघडली की आधी किटची एक ठरलेली ओळ लिहायची. ती ओळ संगणकाला बजावायची की बाबा रे, आता जे बांधशील ते तुझ्यासाठी नाही, त्या छोट्यासाठी आहे. ती विसरलं की सगळं मुकाट्याने मोठ्यासाठीच तयार व्हायचं. त्याच्यावर सुरेख चालायचं, आणि बोर्डात घातलं की बोर्ड ढिम्म. पहिल्या महिन्यात मी रोज विसरले. रोज स्वतःला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरले.

हे सगळं मी एकदा आईला सांगत होते. आई कोलंबी सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "म्हंजे पोर सासरी धाडतात तसाच ना गो? वारवाची हितं, नांदाची तिकरं."

किटचं ते जाड पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यात हे इतक्या सोप्या शब्दांत कुठेच नव्हतं. तेव्हापासून नवी खिडकी उघडली की मी "चला सासरी" असं पुटपुटायचे आणि ती ओळ लिहायचे. पुन्हा कधी विसरले नाही. सरांनी काही दिवस माझ्याकडे काळजीने पाहिलं, मग तेही सवयीचं झालं.

माझं सासर डोंबिवलीचं आणि माहेर बाळकुमच्या पुढे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. तेव्हा घोडबंदर रोडला दुपारी चिटपाखरू नसायचं. फाट्यावर उतरून तिवरांच्या कडेने चालत गेलं की बांध लागायचा, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत बंद करायचं. वेळ चुकली की खारं पाणी भातात शिरतं आणि ते वर्ष गेलं. आमच्या गावची उघाडी माझा बाबा सांभाळायचा. गावच्या सोसायटीने त्याला त्यासाठी नेमलं होतं, पण नेमलं नसतं तरी तो तिथेच बसला असता.

बाबाकडे भरतीचा एक जुना हिशेब होता. तिथीची पाऊणपट करायची की भरती पुरी व्हायची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण हा झाला समुद्राचा हिशेब. आमच्या गावापर्यंत खाडीतून आत यायला पाण्याला वेळ लागतो, म्हणून बाबा त्यावर एक भात धरायचा. चुलीवर भात चढवून उतरवायला लागतो तेवढा वेळ, साधारण पाऊण तास. पाऊणपट आणि वर एक भात. आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकायची.

सरांना काम मिळालं ते नेमकं उघाड्यांचं. खारजमिनीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराला प्रत्येक उघाडीवर एक डबा बसवायचा होता. पाण्याची उंची मोजायची, भरती पुरी झाली की वेळ आणि उंची कागदाच्या अरुंद पट्टीवर छापायची, आणि पुढे याच डब्याने मोटरला हुकूम देऊन दार उघडायचं, मिटायचं. आधी पंधरा दिवस चाचणी. डब्याच्या पट्ट्या आणि माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या वेळा जुळल्या तर काम पक्कं.

"हे गेलं तर मी शटर ओढणार," सर म्हणाले. "तुला खोटी आशा दाखवत नाही."

माझ्या घरची गोष्टही उघड होती. सासूबाई जिवाने चांगल्या, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ही कंपनी चालतेय तोवर जा. बंद पडली की पुरे झालं, घरी बस." म्हणजे त्या डब्याबरोबर माझं सगळंच टांगलेलं होतं: ती खोली, तो पंखा, दुपारच्या त्या वर चढणाऱ्या ओळी. मला ते काम जिवापाड आवडायचं. ते गेलं तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

चाचणीसाठी आमच्याच गावची उघाडी मी सुचवली. बाबा वही ठेवेल, हेही मीच सरांना सांगितलं. बाबाला मी माझं सगळं सांगितलं होतं. त्याने फक्त विचारलं, "म्हंजे माजी वही नि तुजा डबा, दोघांचा सारखा आला पायजे?"

"हो."

"बरा," तो म्हणाला.

भाद्रपदातल्या प्रतिपदेला डबा बसला. मी पहिली पट्टी पाहिली, घड्याळाशी जुळली, आणि डोंबिवलीला गेले. मधल्या दिवसांत सर एकदा बांधावर जाऊन आले. वहीचं पान आणि पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आले. "मिनिटाला मिनिट!" म्हणाले. "तुझे वडील म्हणजे घड्याळच आहेत गं."

त्या आठवड्यात मी अगदी तरंगत होते. पोळी लाटताना, बसच्या खिडकीत, कुठेही मला तो डबा दिसायचा, भरतीच्या पाण्यावर कान देऊन बसलेला. डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचं मिनिटाला मिनिट कसं जुळेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पेढा तोंडात असताना असे प्रश्न पडत नाहीत.

अष्टमीला मी गौरीसाठी माहेरी गेले. घरात गौरीची गडबड चालली होती, आई मला कामाला लावणार हे दिसत होतं, म्हणून संध्याकाळी मी हळूच बांधावर सटकले. बाबा उघाडीवर बसला होता. पाऊस उघडला होता. भांगाचं पाणी, अष्टमीचं, त्यात जोर नसतो. ते नुसतं येतं आणि काठाशी थांबून राहतं. चिखलावर निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. पलीकडचं सगळं आभाळ पाण्यात उतरलं होतं आणि आम्ही दोघं पाणी बघत होतो. मी लहान असल्यापासून आम्ही तिथे असेच बसत आलोय.

भरती पुरी होऊन पाणी उभं राहिलं. मी सवयीने मनात म्हटलं, आठाची पाऊणपट सहा, वर एक भात. घड्याळात पाहिलं. पावणेसात. मला इतका आनंद झाला की काय सांगू. जग जागच्या जागी होतं.

थोड्या वेळाने पाणी वळलं, डबा कुरकुरला आणि पट्टी बाहेर आली. बाबाने ती फाडली, डोळ्यांजवळ धरली आणि वहीत सावकाश आकडे उतरवले. पाच वाजून एक मिनिट.

मी वही हिसकावून घेतली. "बाबा, हे काय? आता पावणेसात झालेत!"

"हा," तो म्हणाला.

"मग तू पाच काय लिहितोस?"

"डबा पाच बोलतो. तुजा डबा हाय. मी तुज्या डब्याला खोटा पारू काय?"

मी खूप चिडले. तिथेच, बांधावर, ओरडले त्याच्यावर. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याबद्दल एक शब्द खोटा उच्चारला नाही, त्याने आठ दिवस रोज खोटं लिहिलं होतं, आणि ते माझ्यासाठी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती रागावाटेच बाहेर पडली. बाबाने मला ओरडून घेऊ दिलं. मग वही माझ्या हातातून घेतली आणि शेवटून उघडली. तिथे बारीक पेन्सिलीने दुसऱ्याच वेळा लिहिल्या होत्या. रोजच्या, खऱ्या.

"पानी बघलेला लिवल्याशिवाय मना चैन नाय पडत," तो म्हणाला.

मी तिथेच मांडीवर वही घेऊन वजाबाक्या केल्या. डबा रोज थोडा थोडा मागे पडत गेला होता. कधी बारा मिनिटं, कधी सतरा, पण बेरीज करून दिवसांनी भागलं तर चौदाच्या जरा वर. दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. शंभरात एक.

आणि मला कळलं. बोर्डाचं घड्याळ त्याच्यावरच्या स्फटिकाच्या ठोक्यांवर चालतं. एका सेकंदात किती ठोके धरायचे तो आकडा किटमध्ये तयार दिलेला होता, पण तो त्यांच्या नमुन्याच्या बोर्डाचा. तेहतीस पूर्णांक तेहतीस दशलक्ष. आमच्या बोर्डावर सरांनी बसवला होता साधा तेहतीसचा. मी किटमधला आकडा जसाच्या तसा उचलला होता. मोठ्या संगणकावर सगळं बरोबर चालायचं, कारण तिथलं घड्याळ त्याचं स्वतःचं. बोर्डावर मी तासाभराच्या वर कधी तपासलं नव्हतं, आणि तासाभरात अर्धंच मिनिट चुकतं. समुद्राचा हिशेब आपल्या गावात तसाच चालत नाही, वर एक भात धरावा लागतो, हे ज्या घरात दुधाबरोबर पाजतात त्या घरची मी. ती ठरलेली ओळ पाठ केली आणि मूळ गोष्ट विसरले.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन सोडून मी ठाण्याला गेले. आईने त्यावरून मला पुढे वर्षभर ऐकवलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"नोंदी तर जुळतायत," ते हळूच म्हणाले. "आकडा गुपचूप बदलला तर कोणाला कळणार?"

"मला," मी म्हटलं. "आणि बाबाला. हाच डबा उद्या दार उघडणार आहे, सर. अशा वेळांवर उघडलं तर भातात खारं पाणी."

ते उठले आणि ठेकेदाराला फोन लावला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. ऐकायची हिंमत नव्हती. खाली पत्रा कापत होते, आणि त्या आवाजात मी मनाशी घरी बसायची तयारी करत होते. सर बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. ठेकेदाराने पोटभर बोलून घेतलं होतं, आणि मग वद्य पक्षाचे पंधरा दिवस दिले होते.

आकडा बदलायला मला एक मिनिट लागलं. "चला सासरी" मात्र मी दोनदा म्हटलं.

वद्य पक्षात बाबाने पट्टी न बघता वही लिहिली. तशी शपथच घेतली होती मी त्याच्याकडून. दोन मिनिटं, तीन मिनिटं, एकदा पाच, त्यापेक्षा फरक कधी पडला नाही. अमावास्येला ठेकेदाराने काम पक्कं केलं. सरांनी पुन्हा पेढे आणले. ती खोली राहिली, पंखा राहिला, आणि मी त्या कामात पुढे पुष्कळ वर्षं काढली.

बातमी सांगायला मी बांधावर गेले, तर मोटरवाले दार मोजत होते. सोसायटीचा माणूस बाबाला सांगत होता की आता दिवाळीपासून यायची गरज नाही. बाबा मान हलवत होता. मी तिथेच थबकले. डबा बरोबर निघाला म्हणजे उघाडीला माणूस लागणार नाही, ही इतकी साधी गोष्ट एवढ्या दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती.

"बाबा, तुला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिशी," तो म्हणाला. माझं तोंड बघून हसला. "अगो बाय, पानी बघाला मना कोनी नोकरीवर ठेवाला लागतो काय?"

मग त्याने वही माझ्या हातात दिली. तुमच्या हापिसात लागेल, पण काम झालं की परत आण, म्हणाला. मी बसमध्ये ती उघडली. शेवटच्या ओळीत अमावास्या होती, शेजारी नंतर चिकटवलेल्या पट्टीची वेळ आणि त्याची वेळ अगदी एक. मी पान उलटलं. दिवाळीनंतरच्याही तिथ्या त्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या, वेळेचा रकाना मोकळा सोडून.