टॉवेल कोणी टाकायचा असतो?

प्रा. मोरेश्वर देवस्थळे सरांशी माझी पहिली ओळख कात्रीने करून दिली. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगणारे त्यांचे सदर तिसऱ्या पानावर येई आणि बरोबर त्याच्या पाठीवर, चौथ्या पानावर, माझे विनोदी सदर. वाचक सरांचा लेख जपून कापून ठेवत. माझा मधोमध चिरला जाई. आमच्या घरीसुद्धा. "अहो, मागे तुमचं होतं होय? लक्षातच आलं नाही," असे सौभाग्यवती ओळीने तीन रविवार म्हणाल्या.

सरांचा अमृतमहोत्सव होत असताना त्यांच्या व्यासंगाविषयी लिहिणे माझ्या जिवावर येते, पण लिहितो. एका शब्दासाठी ते विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ग्रंथालयात येतात आणि खात्री पटली नाही, तर "मला ठाऊक नाही" असे सरळ छापतात. मी असे एकदा जरी छापले असते, तर संपादकांनी सदर बंद केले असते. सरांना मात्र कौतुकाची पत्रे आली.

हिंजवडीच्या एका तरुणाने त्यांना विचारले, "सर, राजीनाम्यात कुठला फ्रेज बरा दिसेल?" सर म्हणाले, "आधी दुसरी नोकरी बघा, ती बरी दिसेल." वास्तविक हे वाक्य मला सुचायला हवे होते. विनोदी लेखक मी आहे.

आता सरांनी मला घातलेल्या शालीबद्दल. बिबवेवाडीच्या एका वाचक मंडळात माझे अभिवाचन होते, अध्यक्ष देवस्थळे सर. मजकूर अकरा पानांचा. तिसऱ्या पानापर्यंत कोणी हसले नाही. चौथ्यावर पहिल्या रांगेतल्या काकू पिशवीतली मेथी निवडू लागल्या. तरी मी हटेना. पाचव्या पानावर सर उठले. समारोपाची शाल त्यांनी तिथेच माझ्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "पाहुण्यांना किती वेळ उभं ठेवायचं? चहा घेऊ या." शाल पडली की कार्यक्रम संपला, हे पुण्यात लहान मुलालाही कळते. टाळ्या कडाडल्या. सरांना माझे यश बघवले नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे सगळ्यांना सांगत होतो.

मग एका रविवारी सरांनी 'थ्रो इन द टॉवेल'वर लिहिले. अर्थ, हार मानून माघार घेणे. मूळ मुष्टियुद्धातले, आधी स्पंज टाकत, पुढे टॉवेल आला. खाली एक ओळ होती: टॉवेल लढणारा टाकत नाही, त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला त्याचा स्वतःचा माणूस टाकतो, कारण मार खाणाऱ्याला थांबायचे भान नसते.

मी तेव्हाच फोन केला. "सर, बिबवेवाडीची ती शाल..."

"अजून वापरता? कसर नाही ना लागली?"

"सर, तुम्ही माझ्या बाजूचे होतात?"

"अहो, अजून सहा पानं होती तुमच्या हातात. मी मोजली होती."

त्या रविवारी मी स्वतः कात्री घेतली आणि माझाच लेख मधोमध कापला.

सरांचा हेवा अजून वाटतो. तो सोडण्याचा माझा विचार नाही. सरांना उत्तम आरोग्य लाभो, बसमध्ये रोज खिडकीची जागा मिळो आणि त्यांच्या शंभरीच्या सत्कारात बोलायला मीच असो. तेव्हाही माझे भाषण लांबेलच. सर, शाल हाताशी ठेवा.