आखाजीचं मूळ

“जागा शे, जागा शे! सरका जराशी!” असे ओरडत आबा मोटारीच्या खिडकीतून आपला पंचा आत भिरकावत. आत पाय ठेवायला जागा नसे. पण आबा नंदुरबारात मिरचीच्या वखारीत तोलारी होते, आणि तो पंचा मिरचीच्या धुळीने भरलेला असे. आतली माणसे शिंकू लागत, अंग चोरत, आणि खरोखरच एका माणसाची जागा होई. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. नसलेले आहे म्हणून ठोकून देतात, आणि मग ते होतेही.

ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून दोन मोटारींची माणसे एकीत कोंबत. टपावर माणसे, पायरीवर माणसे, ड्रायव्हरच्या मांडीला कोंबड्यांची टोपली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की या गर्दीला ऊत येई. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी, आणि तीही आपली आपण नाही. माहेरचा पुरुष तिला न्यायला येतो. त्याला मूळ म्हणतात. मूळ आले नाही तर लेक सासरीच चुलीपुढे बसते. मला वडील नव्हते, भाऊ नव्हता. शहाद्याला माझ्या सासरी मला न्यायला माहेरचे, नंदुरबारचे शेजारी आबा येत. त्यांना स्वतःला ना बायको ना पोर.

त्या साली प्रकाशाच्या घाटावर आम्ही मोटारीतून उतरलो. तापी नावेने ओलांडायची आणि पलीकडे नंदुरबारची मोटार धरायची. पहिल्या नावेतल्यांनाच पलीकडे बसायला मिळे. आबांनी माझे बोचके बगलेत मारले, मला लिंबाखाली बायकांत बसवले आणि पंचा घेऊन नावेकडे धावले. मला तहान लागली म्हणून मी देवळाकडे पाणी प्यायला गेले. परत येते तो नाव निघालेली. नावेत आबा, आबांच्या बगलेत माझे बोचके, आणि शेजारी तोंडावर पदर ओढलेली, हिरव्या लुगड्यातली मी!

खरे सांगते, क्षणभर मी स्वतःच्या लुगड्याकडे पाहिले. तेही हिरवेच होते. मग मी नावेत असेन तर घाटावर कोण उभी आहे, हे काही मला कळेना.

मी दुसऱ्या नावेने गेले आणि संध्याकाळच्या मोटारीत एका पायावर उभी राहून घरी पोचले. आत माझ्या पाटावर बसून एक अनोळखी पोर पुरणाची पोळी खात होती. आईने दारात तुकडा ओवाळून तिचा पदर वर केला, तेव्हा कुठे घोटाळा कळला होता. आबा कोपऱ्यात डोके धरून बसलेले. “मी ‘चाल पोरी, जागा शे’ म्हननू, नि हाई उठनी,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ती प्रकाशाची सून. जावेला तिच्या भावाबरोबर नावेत बसवायला घाटावर आली होती आणि लिंबाखाली टेकली होती. हिला स्वतःला माहेरचे कोणीच उरले नव्हते. मी रागाने विचारले, “तुले कयनं नही का, हाऊ दुसराच मानूस शे?”

ती मान डोलावून म्हणाली, “कयनं ना. पन आबा ‘चाल पोरी’ म्हनात.”

माझा राग कुठे गेला, मलाच समजले नाही.

पण न विचारता गेलेल्या सुनेला सासर पुन्हा घरात घेईल का, ही धास्ती होतीच. सकाळी आबा एकटेच प्रकाशाला गेले आणि तिच्या सासऱ्यांच्या पायांवर पागोटे ठेवून म्हणाले, “मी तिन्हं मूय शे. इचारानं ऱ्हाई गयं.” सासरे गोंधळले. व्याह्यांपैकी हा कोण, हे त्यांना आठवेना. आणि आठवत नाही म्हणायचीही लाज वाटली. त्यांनी पान-सुपारी दिली आणि आखाजी करूनच सुनेला पाठवा म्हणाले.

पुढे दर आखाजीला आबा आम्हा दोघींना आणत. मला जन्मापासून ओळखणारा माणूस लुगड्याच्या रंगाला फसला कसा, हे मी त्यांना कितीदा विचारले. ते नुसते शिंकत.

मग एका हिवाळ्यात आबा गेले. आखाजी आली, आता मूळ कोण येणार? मी शहाद्यात दळण घेऊन बसले होते. जीव नुसता तुटत होता. एवढ्यात दारात ती उभी! खांद्यावर आबांचा पंचा. मागल्या साली तो तिच्या बोचक्यात राहून गेला होता.

“मी मूय उनू,” ती म्हणाली.

सासूबाई जात्याचा खुंटा धरून तशाच राहिल्या. बाईमाणूस कधी मूळ येते का? तिच्या सोबतीला आलेले तिचे सासरे ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी आभाळाकडे पाहिले. सासूबाईंनी मुकाट्याने माझे बोचके आणून दिले.

मोटार गच्च भरलेली होती. पायरीसुद्धा दिसत नव्हती. मी म्हटले, “ऱ्हावू दे, माय.” तिने खांद्यावरचा पंचा काढला, खिडकीतून आत भिरकावला आणि ओरडली, “जागा शे, जागा शे!”

आत कोणीतरी शिंकले.