पाठवणीची सनई

माहितीपटाचा पहिला खेळ शिरूरच्या मंगल कार्यालयात ठेवायची अक्कल कुणाची, देव जाणे! तरी मी दौंडहून नवऱ्याच्या मोटरसायकलवर कंबरडं मोडून घेत गेले. कारण माहितीपट ज्यांच्यावर होता, त्या सनईवाल्या मामांशी मला भांडायचं होतं.

मामा शिरूरचेच, नव्वदीला टेकलेले. रेडिओवर वाजलेले, दिल्लीपर्यंत सत्कार झालेले. पण आमच्याकडं त्यांची सनई नसली की लग्न लागल्यासारखंच वाटायचं नाही. न्हावऱ्याला माझ्या लग्नातही तेच होते. अक्षता पडेपर्यंत काय वाजवलं म्हणून सांगू! आणि पाठवणीला मी आईच्या गळ्यात पडले, तेवढ्यात सनई मधेच बंद. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तर कुठं दिसेचनात. तशीच गाडीत बसले. सासूबाई अजून म्हणतात, "सनई मागंच राहिली, म्हणून ही स्वतःच वाजत असते." सगळे हसतात, मीही हसते. पण आप्पा पाठवणीला आले नाहीत, हे मला कायम सलत राहिलं. त्यांना विचारायची कधी छाती झाली नाही. आता ते नाहीत.

तर हार, नारळ, शाली, भाषणं असं सगळं उरकून एकदाचा माहितीपट सुरू झाला. थोड्या वेळानं पडद्यावर एक जुनं लग्न आलं. शेवटचं "सावधान" झालं, ताशा कडाडला, मामांच्या सनईनं वरचा सूर धरला, आणि अहो, अर्धं कार्यालय उठून जेवणाच्या हॉलकडं पळालं! सवयच ती, सावधान झालं की पंगत धरायची. त्यात मसालेभाताचा वास सुटलेला. "अजून संपलं नाही हो!" म्हणत पुण्याचा दिग्दर्शक मागं धावला, पण थांबतंय कोण?

पुढच्या कोचावर मामा एकटेच उरले. हसून हसून त्यांची टोपी तिरकी झालेली.

"बघ की," मला म्हणाले, "जलमभर माझी सनई ऐकून लोक जेवायलाच पळालं!"

मी पाया पडले आणि लगेच तोंड सोडलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच. "मामा, न्हावऱ्याला माझ्या पाठवणीत सनई का बंद केली तुम्ही? सासरी अजून बोलणी खाते मी!"

मामांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "न्हावरं? म्हंजी सनई धरली त्याची लेक व्हय तू?"

"कुणी धरली?"

"तुझ्या बानं. मांडवामागनं आला आन् सनईच्या तोंडावर हातच ठिवला. हाताची हळद बी निघाली नव्हती. म्हनला, मामा, नका वाजवू. ही अशीच वाजत राहिली तर मी पोरीला गाडीतनं उतरवून घीन. आन् मग कडब्याच्या गंजीआड बसून लहान पोरावानी रडला. त्याला तसा सोडून मी कसा येऊ? बसलो त्याच्यापाशी, तुझी गाडी जाईस्तवर."

आप्पा असे. पोराटोरांसमोर कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही, आणि माझ्यासाठी गंजीआड रडत बसले. मला त्यांची इतकी माया आली की मामांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले.

"आता दात न्हाईत," मामा म्हणाले, "फुंक टिकत न्हाई." तरी माझ्या डोक्यावर हात ठेवून, बोळक्या तोंडानं, त्यांनी राहिलेली पाठवणी गुणगुणून पुरी केली.

परतताना न्हावरं लागलं तसं मला पुन्हा भरून आलं. नवऱ्यानं आरशात पाहिलं. "आता काय झालं रडायला?"

"माझी पाठवणी चाललीय," म्हटलं, "गाडी हळू घ्या."