पदवीचं भाडं

"माझ्यापेक्षा माझी पदवी जास्त कमावते, आणि तिला डबाही द्यावा लागत नाही," असं ती एकदा धाकट्या बहिणीला म्हणाली होती. बहीण पोट धरून हसली. ती हसली नाही. ती व्यवहार सांगत होती.

माहेरी तिला बंबवाली म्हणत. आग लागू कशी नये आणि लागलीच तर पसरू कशी नये, हे शिकवणाऱ्या पदवीच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, तेव्हापासूनचं हे नाव. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर लोक पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटरी आणून त्यांच्यापुढे ठेवत. "जळाल्यावर लोक पैसे देतात," ते म्हणत. "जळू नये म्हणून कोण देतं ते तू बघून ये." कॉलेजची फी मात्र त्यांनीच भरली, कुरकुर न करता.

पहिल्या नोकरीत ती इमारती तपासत असे. जिन्यावर रचलेली खोकी, कुलूप लावलेली मागची दारं, रिकाम्या टाक्या, सगळं लिहून काढायची. मालक एकदा वैतागून म्हणाला, "बाई, तू इमारत तपासायला जातेस की तिची सासू म्हणून?" तिच्या पाहणीनंतर गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. पगार वाढला नाही. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली आणि तिला कुणी थांबवलं नाही.

नवरा टायरच्या गोदामात माल सांभाळतो. तिथे आग विझवायची नळकांडी पुरवणारा एक कंत्राटदार येई. अशी कामं करणाऱ्याकडे या विषयाचा एक पदवीधर असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि त्याच्याकडे तो नव्हता.

"वहिनींची पदवी घरात नुसती पडूनच आहे ना?" त्याने विचारलं. मागची खोली रिकामी आहे का, असं विचारावं तसं.

ठरलेली रक्कम तिच्या जुन्या पगारापेक्षा बरीच जास्त होती. अट एकच. तिने कामावर यायचं नाही. बाजाराने पदवीचा भाव असा ठरवला होता: तिच्यासकट कमी, तिच्याशिवाय जास्त.

त्या पैशांवर त्यांनी घर घेतलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हप्ता पदवी भरायची, बाकीचं नवऱ्याचा पगार. मूळ प्रमाणपत्र कंत्राटदाराच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत गेलं. सहीचे कागद महिन्याला घरी येत. ती चिरलेली भाजी बाजूला सारून सह्या करी. सुरुवातीला वाचून करी, पण वाचण्यासारखं त्यात काही सापडेना. कागदावर प्रत्येक इमारतीत पंप होता, टाकी भरलेली होती, जिने मोकळे होते. कागदाइतकं सुरक्षित गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. मग ती न वाचता सह्या करू लागली. अशी वर्षं गेली.

यंदा अग्निशमन कार्यालयात नवा अधिकारी आला. पदवीधर समोर उभा दिसल्याशिवाय मंजुरी देणार नाही, म्हणाला. एका चार मजली खाजगी हॉस्पिटलचं काम अडकलं आणि कंत्राटदाराने तिला न्यायला गाडी पाठवली.

"मॅडम, तुम्ही फक्त उभं राहायचं," गाडीत बसल्यावर त्याने समजावलं. "लग्नात नवरदेवाचा मामा उभा असतो ना, तसं."

हॉस्पिटलच्या अंगणात त्याच्या माणसाने पाइप सोडला. पाणी फाटकापर्यंत गेलं. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये चहाला गेला. ती जिना चढून वर गेली. कंत्राटदाराचा माणूस धापा टाकत मागे आला. चौथ्या मजल्यावर, ऑपरेशन होऊन बाळंत झालेल्या बायकांच्या खोल्यांबाहेर, तिने नळ उघडायला सांगितला. पाइपच्या तोंडाला धार आली, बोटाएवढी.

"झाडं जगतील मॅडम एवढ्यावर," माणूस म्हणाला.

तिला कळलं. पाणी पंपाने येत नव्हतं, गच्चीवरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरत होतं. म्हणून खाली जोर होता आणि वर काहीच नव्हतं. ती तळघरात गेली. पंपाचा चौथरा होता. चौथऱ्यावर चार बोल्ट होते, ताजं ग्रीस लावलेले. पंप नव्हता.

मागोमाग खाली आलेल्या कंत्राटदाराने लपवलं नाही. एकच पंप होता. तपासणीला जिथे लागेल तिथे टेम्पोतून जायचा. आज तो एका लॉजमध्ये अडकला होता. "रागावू नका, मॅडम," तो म्हणाला. "तुमची पदवी तसा आमचा पंप. कागदावर कायम हजर."

तिने सही केली नाही. वर आली तेव्हा अधिकारी चहा पिऊन पुढच्या जागी गेला होता. मॅडमना चक्कर आली, सहीचा कागद उद्या सकाळी आणून देतो, असं कंत्राटदाराने तिच्या पुढे धावत जाऊन त्याला सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला. नवरा होता, सासूबाई होत्या. त्याने कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि भाडं दीडपट करतो म्हणाला.

"पंप बसवा," ती म्हणाली.

"बसवला असता. पण हॉस्पिटलवाला पंपाचे पैसे देत नाही. त्यापेक्षा तुमचं भाडं वाढवणं मला स्वस्त पडतं. आणि हे नको असेल तर सगळंच थांबवू, माझी जबरदस्ती नाही."

सगळं म्हणजे हप्ता. हप्ता म्हणजे ज्या खोलीत ते बसले होते ती खोली. मग सासूबाईंचा चेहरा उजळला.

"मला इतकी वर्षं वाटायचं, हिला व्यवहार कळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हिने बरोबर वेळ साधून गाडी अडवली बघ! अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"आई, यात गाढव कोण म्हणायचं?" कंत्राटदाराने विचारलं, आणि तिघेही हसले.

"मी पैशांसाठी अडवलेलं नाही," ती म्हणाली.

"हो हो," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात तिच्याबद्दल अभिमान होता. असा आवाज तिने लग्नानंतर फारसा ऐकला नव्हता. "असंच म्हणायचं असतं."

"चौथ्या मजल्यावर बाळंतिणी आहेत. उठून चालताही येत नाही त्यांना."

कंत्राटदाराने सुस्कारा टाकला. "बरं, पावणेदोनपट. बाळंतिणी मध्ये आणल्या की माणसाला बोलता येत नाही."

ती समजावू लागली. पाण्याला जोर किती लागतो, धूर आधी कुठल्या मजल्यावर भरतो, जिना किती रुंद आहे. हे सगळं ती पूर्वी शिकली होती आणि अजून तिला नीट आठवत होतं. कंत्राटदार ऐकत होता, पण भाजीवाल्याने गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकावी तसा. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "दुप्पट. आता मात्र पुढे नाही हं वहिनी, माझ्याही घरात चूल आहे."

नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. बस, आता पुरे, असा.

ती गप्प राहिली. सासूबाई तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. कंत्राटदाराच्या चेहऱ्यावर आता खरी काळजी होती. ती गप्प राहिल्याने भाव आणखी चढत होता, हे तिला त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

ती खुर्ची मागे सरकवून उठली. पेन होतं तिथेच राहिलं. तिने खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या. कंत्राटदाराने घाईघाईने आणखी एक आकडा सांगितला, तोवर ती दाराबाहेर पडून अग्निशमन कार्यालयाच्या वाटेला लागली होती.