माझ्या पाठीमागचे पोछे

"भाईसाहब, पीछे ये क्या टाँग रखा है? क्लास है, स्टोर रूम नहीं."

मॅडम हे बोलल्या तेव्हा मोबाइलवर चाळीसेक चेहरे होते. माझ्या पाठीमागे पोछे. चंदीगडच्या आयटी पार्कात मी साफसफाईला आहे. दूरशिक्षणातून एम.ए. करतो. तास रविवारी, व्हिडिओवर. चेहरा दिसला तरच हजेरी, आणि हजेरी भरली तरच परीक्षा. रविवारीही ड्यूटी असते, म्हणून बादल्या-पोछ्यांच्या खोलीतच बसायचो.

एक पोरगा म्हणाला, "अंकल, क्लास के बाद इधर भी पोछा मार देना." सगळे हसले. मॅडमही.

मी काय केलं? मान खाली घातली. पुढच्या वेळी मोबाइलमधूनच मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं; माझ्यामागचं सगळं त्यात झाकलं जायचं. नांदेडला बापाचा जन्म झाडू मारण्यात गेला. त्यानं कधी तोंड लपवलं नाही. मी पंचेचाळिशीत खोट्या कपाटाआड लपलो. त्यातलं एकही पुस्तक माझं नव्हतं. मॅडम खूश. "अब लगे ना स्टुडंट!"

मग एका रविवारी लता चहा घेऊन आली. लता माझी बायको, तिथंच कामाला. चित्रानं तिला गिळलं. मोबाइलवर नुसता कप, हवेत.

"अंकल के यहाँ भूत है!"

मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण हसलो. लता वाकून मोबाइलमध्ये स्वतःला शोधत होती.

"अहो, मी कुठंय ह्यात?"

तिला मॅडमनी पुसून टाकलं नव्हतं. मी पुसलं होतं.

पुढच्या तासाचा विषय सामाजिक समता. मॅडम सांगत होत्या, "ऑनलाइन में सब बराबर हैं जी. सबकी खिड़की एक साइज की." माझं डोकं फिरलं. चित्र काढून टाकलं. पोछे दिसले. शेजारी लता बसली, कामाच्या गणवेशात.

"बैकग्राउंड लगाइए."

"नहीं लगाऊँगा, मॅडम."

"तो बाहर जाइए."

त्यांनी मला काढून टाकलं. वर गैरहजेरी मांडली.

विद्यापीठाला अर्ज दिलाय. चेहरा समोर असताना मी गैरहजर कसा, ते लेखी द्या. कारण पोछे असतील तर पोछे लिहा, खाली सही करा. तोवर दर रविवारी त्याच खोलीतून आत येणार. काढा, पुन्हा येणार. परीक्षा बुडाली तर बुडू दे. ते कपाट आता लागणार नाही.