हिरव्या ज्योतीवर लाल फुली

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळची वेळ. बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, जव्हारमधल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात. हजर: शहरातून आलेले परीक्षक, आमचे प्राचार्य, प्रयोगशाळेचे परिचर, विषय शिकवणारी मी आणि मुलांची पहिली तुकडी. गैरहजर कोणी नाही. पोशेऱ्याची एक मुलगी सकाळच्या एसटीने धापा टाकत आली, पण घंटेच्या आत आली.

ती घरून आली, हे महत्त्वाचं. आमच्याकडे एक रीत पडली आहे. ओळखायला कोणता क्षार येणार, ते आदल्या संध्याकाळी वसतिगृहात पोचतं. मग मुलं प्रयोग करत नाहीत, पाठ केलेली निरीक्षणं लिहितात. मी दरवर्षी विरोध करते आणि दरवर्षी मला ऐकवलं जातं, निकाल खाली आला तर जबाबदारी तुमची. ही मुलगी बहिणीच्या हळदीला गेली होती. तिला काही कळलंच नव्हतं, म्हणून तिने प्रयोग केला.

क्षाराच्या पुड्या ज्या बाटलीतून बांधल्या, तिच्यावर स्ट्रॉन्शियम नायट्रेट असं लेबल होतं. स्ट्रॉन्शियमची ज्योत किरमिजी लाल असते. मुलीने तार ॲसिडमध्ये बुडवून, तापवून स्वच्छ केली, तिच्यावर क्षाराचा कण घेतला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. ज्योत पोपटी हिरवी झाली. मी तिच्या मागेच उभी होते. तिने तार धुऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा हिरवी. मग द्रावणात ॲसेटिक ॲसिड आणि पोटॅशियम क्रोमेट घातलं, तर तळाशी पिवळा साका बसला. स्ट्रॉन्शियम असतं तर बसला नसता. तिने बेरियम लिहिलं. बाकी सगळ्यांनी किरमिजी ज्योत लिहिली. त्यांतल्या काहींनी दिवाही पेटवला नव्हता.

झालं होतं ते साधं होतं. इथल्या पावसाळी ओलीने लेबलांचा गोंद सुटतो आणि दिवाळीनंतर कोणीतरी ती अंदाजाने परत चिकटवतं. दोन्ही क्षार पांढरेच.

परीक्षकांनी तिच्या उत्तरावर लाल फुली मारली. मी म्हटलं, सर, एकदा ज्योत बघा.

"मॅडम, एवढ्या जणांना लाल दिसली, एकीला हिरवी. आता डोळे कोणाचे तपासायचे?"

परिचर हसले. मी खिडकी लावली, दिवा पेटवला, तार धरली. परीक्षकांनी पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "हिचं बरोबर धरलं, तर बाकीच्यांनी काय बघून लिहिलं, तेही मला लिहावं लागेल."

प्राचार्यांनी मधला मार्ग काढला: टापटिपीचे आणि तोंडी परीक्षेचे गुण वाढवून मुलीची बेरीज इतरांइतकी करायची, फुली तशीच ठेवायची. वर मला म्हणाले की मुलीचं नुकसान झालेलं नाही, आता विषय संपवा.

मुलीला बारावीनंतर रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स करायचा होता आणि इथल्याच रुग्णालयात काम करायचं होतं. बेरीज तिला समजली. फुली समजली नाही. बाहेर व्हरांड्यात तिने मला विचारलं, "मॅडम, हिरवीच होती ना?"

"हिरवीच होती."

"मग दुसऱ्यांदा मी लाल लिहायचं का?"

नाही, म्हटलं, जे दिसेल तेच लिहायचं. पण फुली मारणाऱ्यांनी तिला उलटं शिकवलं होतं, आणि तेही शिक्का मारून. उद्या वावर गावच्या एखाद्या बाईचं रक्त हिच्या हातात येईल. तिथे नळीत काय आहे ते बघायचं, की नळीवर काय चिकटवलंय ते?

त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे लेखी मागितलं: बाटलीतला क्षार तपासून लेबल बदलू द्यावं. बेरियम विषारी आहे, हेही लिहिलं. उत्तर तोंडी मिळालं. आत्ता लेबल बदलणं म्हणजे चूक कबूल करणं, नवा साठा आला की पाहू.

जूनमध्ये ती गुणपत्रिका न्यायला आली. कागद हातात घेण्याआधी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून तिने कपाटाच्या काचेतून पाहिलं.

"बदललं नाय अजून," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

नवं लेबल मी लिहून ठेवलं आहे, गोंदाची बाटलीही टेबलावर आहे. कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे आहे.